पप्पा आणि टायरचा आवाज
ताई, तुम्ही म्हणालात की वडील गेले तरी त्यांच्या सवयी आपल्या हातात राहतात, अगदी खरंय हो. माझे पप्पा एसटीत ड्रायव्हर होते. ड्युटी कितीही पहाटेची असो, गाडी काढायच्या आधी टॉर्च घेऊन एक पूर्ण फेरी मारायचे आणि मागच्या जोडटायरवर टॉमीने, म्हणजे लोखंडी दांड्याने, ठोकून आवाज ऐकायचे, कारण आतला टायर नुसता बघून कळत नाही, हवा कमी असली की बद्द वाजतो. सुट्टीत मला डेपोत न्यायचे तेव्हा माझ्या हातात टॉमी द्यायचे, "ऐक बाळा, काय म्हणतोय?" दर १ जूनला घरी पेढे, कारण १९४८ ला त्याच दिवशी पहिली एसटी पुणे-नगर मार्गावर धावली, त्यांना त्याचा फार अभिमान!

दहावीनंतर पोरीला तालुक्याला कशाला पाठवता म्हणून सगळे नातेवाईक मागे लागले, तर पप्पा एवढंच बोलले, "पास काढलाय, सोमवारपासून जाईल ती."

आता मी कार चालवते, पण अजून गाडीला फेरी मारल्याशिवाय किल्ली लावत नाही, आणि माझी लेक पण आता खाली वाकून टायर बघते.