रोज ३२ किलोमीटरला ई-सायकल पुरेल का?

कर्वेनगरी
पुण्यात कर्वेनगर ते हिंजवडी फेज १, एका बाजूने साधारण १६ किमी. वाटेत चांदणी चौकाचा चढ. पेडलवाली ई-सायकल बघतोय: मागच्या चाकाच्या मध्यात बसणारी २५० वॉटची हब मोटर, ३६ व्होल्ट १०.४ एएच (अँपिअर-तास) बॅटरी, थ्रॉटल (पाय न मारता पळवायची मूठ) आणि पेडल असिस्ट (पाय मारताना मोटरची मदत) दोन्ही. माहितीपत्रकात ‘एका चार्जमध्ये ६० किमी’ लिहिलंय. सोसायटीच्या पार्किंगमध्ये सॉकेट नाही. पासिंग, लायसन्स लागतं का? आणि एवढं स्वस्तात काम होत असेल तर ऑफिसला जाणारे सगळे ही का घेत नाहीत, काही गोम आहे का?

वॉटमीटर
आधी हिशोब. ३६ गुणिले १०.४ म्हणजे ३७४ वॉट-तास. हातात येणारे ३४० धरा. पाय चालू ठेवून मधल्या असिस्टवर किलोमीटरला ९-१० वॉट-तास जातात, नुसत्या थ्रॉटलवर १६-१८. म्हणजे एका बाबतीत ३४ किमी, दुसऱ्यात जेमतेम २०. ते ६० किमी सपाट रस्ता, सगळ्यात कमी असिस्ट आणि हलका माणूस धरून असतात.

त्यामुळे जाऊन-येऊन ३२ किमी नव्या बॅटरीवर काठावर जमेल. पाचेकशे वेळा पूर्ण चार्ज झाल्यावर क्षमता ८० टक्क्यांवर आली की परतीच्या वाटेवर चढाआधीच दम तोडेल. ऑफिसात चार्ज करा. बॅटरी किल्लीने निघते, वजन अडीच किलोच्या आसपास, खांद्यावरच्या पिशवीत जाते. सोबतचा २ अँपिअरचा चार्जर पूर्ण रिकामी बॅटरी भरायला साडेपाच-सहा तास घेतो. घरीही तीच वर न्यायची, सॉकेटचा प्रश्न मिटला. उन्हातून आल्या आल्या मात्र लावू नका, अर्धा तास थंड होऊ द्या.

चढाचं म्हणाल तर माणूस-सायकल मिळून १०० किलो, ५ टक्के चढ, ताशी १२ किमी: चाकाला सुमारे २०० वॉट लागतात. मोटर आणि तुमचे पाय मिळून आरामात. पण ताशी ६-७ पर्यंत वेग पडला की हब मोटर हालचालीपेक्षा उष्णताच जास्त तयार करते. गिअर आधीच हलका करा, चढ लागल्यावर नाही.

कायदा: मोटर सलग ३० मिनिटं देऊ शकते ती पॉवर २५० वॉटच्या आत, वेग ताशी २५ च्या आत, बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत, तर पासिंग नाही, लायसन्स नाही. दुकानदार ‘वेगाचं लॉक काढून देतो’ म्हणाला तर नको म्हणा. ३५ ने पळायला लागली की ती मोटार वाहन झाली, आणि अपघातात विम्याशिवाय उघडे पडाल.

आरा_आणि_नट
गोम विचारलीत ना? मागचं पंक्चर. लोक रेंजवर तावातावाने भांडतात, पण सायकल अडगळीत जाते ती याच्यामुळे.

कोपऱ्यावरचा पंक्चरवाला मोटरची वायर बघून हात वर करतो, किंवा चाक ओढताना वायरच पिळतो. म्हणून चाक काढायचंच नाही. बॅटरी काढा, सायकल उलटी करा (डिस्प्ले जमिनीला टेकू देऊ नका), टायर एका बाजूने सोडवा, भोकापुरती ट्यूब बाहेर ओढून तिथेच पॅच. ट्यूब बदलायची असेल तरच चाक काढा: आधी वायरचा जोड सरळ ओढायचा, फिरवायचा नाही, मग १८ चा पाना. नटाखालचे वॉशर कुठल्या क्रमाने होते त्याचा फोटो काढून ठेवा. दाताचं वॉशर उलटं बसलं की एक्सल (चाकाचा मधला दांडा) फ्रेमच्या खाचेत फिरतो आणि वायर तुटते. जोड परत लावताना दोन्ही बाण समोरासमोर.

दुसरं, आरे. मोटरचं वजन त्यांच्यावर येतं. पहिल्या २०० किमीनंतर आरे ताणून घ्या. ढिला आरा वाकाजवळच तुटतो, आणि एक तुटला की शेजारच्यांची पाळी.

एका बाजूने ८-१० किमीवाल्यांत ही सायकल नक्की रुळेल असं माझं मत. १६ ला स्कूटर जिंकते.

चिखलगार्ड
वरच्याशी सहमत, फक्त पावसाळा राहिला. मोटरची वायर एक्सलमधून आत जाते. ती वरून उतरत सरळ आत शिरत असेल तर पाणी तिच्यावरून ओघळत मोटरीत जातं. एक्सलच्या खाली थोडा झोळ ठेवून बांधा, थेंब तिथेच गळून पडतो. प्रेशरच्या पाण्याने धुवायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची.

पावसात ‘मोटर मेली’ म्हणून येणाऱ्या तक्रारींत मी आधी ब्रेकच्या दांड्या बघायला सांगतो. दांडीत कटऑफ स्विच असतो, ब्रेक दाबला की मोटर बंद करणारा. चिखलाने दांडी पूर्ण मागे आली नाही तर कंट्रोलरला (मोटर चालवणाऱ्या डब्याला) वाटतं ब्रेक दाबलाय. दोन्ही दांड्यांच्या वायरचे जोड सोडून बघा. मोटर चालली तर दोष तिथेच. थ्रॉटलवर चालते पण पेडलवर नाही, तर क्रँकजवळची (पेडलच्या दांड्याजवळची) चुंबकाची चकती पुसा, पेडल फिरतंय हे तिच्यावरून कळतं.

कर्वेनगरी
आभार. घरी जुनी लोखंडी सायकल आहे, पुढच्या चाकाचं मोटर-किट बसवू का? मागचं पंक्चर तरी सुटेल.

आरा_आणि_नट
फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) लोखंडी असेल तरच. अ‍ॅल्युमिनियमचा किंवा स्प्रिंगवाला असेल तर नको, एक्सलच्या पिळाने खाच उघडते आणि चाक निघून येतं. लोखंडावरही टॉर्क आर्म (एक्सल फिरू न देणारी पट्टी) लावा, आणि चांदणी चौक उतरायचाय, तेव्हा मोटर बसवण्याआधी ब्रेक बदला.