गाडीतल्या गुन्ह्यांचा तपास आरपीएफकडे द्यावा का?

डोंबिवलीकर
गाडीत बॅग चोरीला गेली की माणूस समोर दिसणाऱ्या आरपीएफ (केंद्राचं रेल्वे सुरक्षा दल) जवानाकडे धावतो. जवान सांगतो, जीआरपीकडे, म्हणजे लोहमार्ग पोलिसांकडे जा. रेल्वेचं सामान चोरलं तर हेच दल १९६६ च्या कायद्याखाली स्वतः चौकशी करून खटला भरतं. साखळी ओढली, रूळ ओलांडले, पुरुष महिला डब्यात शिरला, तर १९८९ चा रेल्वे कायदा हाताशी आहे. प्रवाशाच्या बॅगेचा तपास मात्र लोहमार्ग पोलिसांचा, म्हणजे राज्याचा. रेल्वेच्या लोखंडाला जे संरक्षण आहे ते तिकीट काढलेल्या माणसाला का नसावं? गुन्हा नोंदवून तपास करण्याचा अधिकार आरपीएफला द्याच.

वकील_नागपूर
विरोध. राज्यघटनेच्या राज्यसूचीत (राज्यांच्या अखत्यारीतल्या विषयांच्या यादीत) 'पोलीस'च्या नोंदीतच रेल्वे पोलीस धरलेले आहेत. केंद्राने परस्पर ते काढून घेऊ नयेत. शिवाय बालकिशन देवीदयाल विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९८०) हा निकाल पाहा. १९६६ च्या कायद्याखाली चौकशी करणारा आरपीएफ अधिकारी 'पोलीस अधिकारी' नाही, म्हणून त्याच्यापुढचा कबुलीजबाब पुराव्यात येऊ शकतो. पोलीस ठाण्यातला कबुलीजबाब येत नाही. अशा दलाचे हात आणखी लांब करायचे?

डोंबिवलीकर
पण न्यायालयाने तसं का ठरवलं? त्यांना पोलिसांसारखं आरोपपत्र दाखल करता येत नाही म्हणून. तो अधिकार दिला की कबुलीजबाबाची ही सवलत टिकणार नाही. आरोपीच्या दृष्टीने ते चांगलंच.

वकील_नागपूर
टिकणार नाही हे कायद्यात स्पष्ट लिहा, मग बोलू. राज्यसूचीचा मुद्दा तरीही उरतोच.

कर्जत_लेडीज_डबा
तुमचं अधिकारांचं भांडण चालू द्या, मला कर्तव्याबद्दल बोलायचंय. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर ठाण्याने नोंदवायलाच हवी. तरीही 'गाडी तेव्हा कुठे होती?' हाच पहिला प्रश्न येतो. विनयभंगासारख्या गुन्ह्यात खबर नोंदवून न घेणाऱ्या लोकसेवकाला भारतीय न्याय संहितेच्या कलम १९९ खाली किमान सहा महिने सक्तमजुरी आहे. हे कलम प्रत्येक लोहमार्ग ठाण्याच्या दारावर लावा. आरपीएफला नवे अधिकार मिळोत न मिळोत, जवानाने बाईला एकटीला 'तिकडे जा' म्हणू नये, स्वतः ठाण्यापर्यंत सोबत जावं. त्यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही.

डोंबिवलीकर
सोबत जाण्याचं मान्य. पण रात्री लहान स्टेशनवर लोहमार्ग ठाणंच नसतं, तिथे नेणार कुठे? म्हणूनच अधिकार मागतोय.