बोटीवरून उतरून डॉमिनिकात काढलेला दिवस : आपापले अनुभव लिहा

कॅरिबियन क्रूझवर डॉमिनिका बहुतेकांच्या वाट्याला एकच दिवस येतं. सकाळी उतरायचं, संध्याकाळच्या आत परत. (डॉमिनिकन रिपब्लिक वेगळा. हा १९७८ साली स्वतंत्र झालेला छोटासा देश, राजधानी रोझो.) तेवढ्या तासांत तुम्ही काय केलंत, ते सविस्तर लिहा. सुरुवात मी करते.

आम्ही धक्क्याबाहेर मिनीबस ठरवली आणि फक्त ट्रफाल्गरचे धबधबे पाहिले. वीसेक मिनिटांचा वळणावळणांचा रस्ता, दोन्हीकडे रान इतकं दाट की काचेला पानं घासत होती. धबधबे दोन, शेजारी-शेजारी. डावीकडचा उंच तो बाप, उजवीकडची आई, असं तिथले लोक म्हणतात. बापाच्या पायथ्याशी गरम पाण्याचे झरे आहेत. एक पाय गरम पाण्यात आणि दुसरा गार प्रवाहात ठेवून मी किती वेळ बसले होते, कोण जाणे.

पण मनात राहिलं ते जेवण. ड्रायव्हरकाकांनी एका घरगुती खाणावळीत नेलं. वाडग्यात हिरवंगार कॅलालू आलं. पहिला घोट घेतला आणि मी नवऱ्याकडे पाहिलं. अळू! चिंच-गूळ नाही, दाणे नाहीत, नारळाचं दूध घातलेलं, पण जिभेवर तेच मऊसूतपण. सोबत उकडलेला नीरफणस. तो मूळचा तिथला नाही. इंग्रजांनी १७९३ मध्ये ताहितीहून त्याची रोपं कॅरिबियनमध्ये आणली, मळ्यांवरच्या गुलामांचं पोट स्वस्तात भरावं म्हणून. हे कळल्यावर पुढचा घास सावकाश खाल्ला.

*

आईचे गुडघे दुखतात, म्हणून आम्ही रोझोच्या बोटॅनिकल गार्डनपलीकडे गेलोच नाही. तिथे एक पिवळी बस आहे. १९७९ च्या डेव्हिड वादळात तिच्यावर गोरखचिंचेचं प्रचंड झाड कोसळलं. बस रिकामी होती, कोणाला इजा झाली नाही. चेपलेली बस अजून तिथेच आहे, आणि आडव्या पडलेल्या झाडाला नवी पालवी फुटून ते पुन्हा वाढलंय. आई खोडावर हात ठेवून बराच वेळ उभी राहिली. बाबांना जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. ती काही बोलली नाही, मीही विचारलं नाही.

*

सावध करायला लिहिते. आदल्या रात्री बोटीवरची घड्याळं एक तास पुढे केली होती, मी हातातलं करायचं विसरले. आम्ही स्वतः टॅक्सी करून गेलो होतो, आणि अशा वेळी बोट कोणासाठी थांबत नाही. शिडी काढायच्या आधी सहा मिनिटं पोहोचलो. मुलगा रडत होता. घड्याळ बोटीच्या वेळेला लावल्याशिवाय उतरू नका.

*

आम्ही पूर्व किनाऱ्यावर कालिनागो लोकांच्या भागात गेलो. हे बेटावरचे मूळ रहिवासी. १९०३ साली त्यांच्यासाठी सुमारे ३,७०० एकर राखून ठेवले गेले. जमीन साऱ्या समाजाची, कोणा एकट्याच्या नावावर नाही. जायला तासाहून जास्त लागतो, तेव्हा दुसरं काही पाहायचा मोह सोडा. तिथे कसावाची भाकरी होते. कसावा म्हणजे ज्याच्यापासून आपला साबुदाणा करतात तोच कंद. किसतात, विषारी रस पिळून काढतात, मग भल्यामोठ्या लोखंडी तव्यावर किस पसरून हाताने थापतात. कडा सुटल्यावर ती बाई जशी भाकरी उलटायची, ते पाहून मला आजीची चूल आठवली. गरम तुकडा हातावर ठेवून ती म्हणाली, "आधी खा, फोटो मग."

*

शॅम्पेन रीफला पोहलो. समुद्राच्या तळातून ज्वालामुखीच्या वायूचे बुडबुडे वर येतात, अंगाला गुदगुल्या होतात. चष्मा घट्ट बसतोय ना, ते काठावरच पाहून घ्या.

*

मी रत्नागिरीचा, बोटीच्या गॅलीत, म्हणजे स्वयंपाकघरात, काम करतो. आमचा दिवस म्हणजे दुपारची दोन-तीन तासांची सुट्टी, आणि पॅसेंजरांच्या आधी परत यायचं. उतरल्यावर पहिली धाव वायफायकडे. मारिया वादळ (१८ सप्टेंबर २०१७) होऊन गेल्यावर पहिल्यांदा आलो, तेव्हा ज्या डोंगरांवर मी रान पाहिलं होतं तिथे नुसती खोडं उरलेली दिसली, कित्येक घरांना निळी ताडपत्री. पुढच्या वेळी आलो तर त्याच खोडांना हिरवं फुटलेलं. घरी व्हिडिओ कॉल लावला. इथे दुपारचे दोन, तिकडे रात्रीचे साडेअकरा. आई जागीच होती. फोन फिरवून तिला डोंगर, केळी, नारळ, वरून उतरणारे ढग दाखवले. ती म्हणाली, "अरे, पावसातलं आपलं संगमेश्वरच की रे हे. जेवलास का?"