आजार, हलाखी आणि माणसाची ओळख
आजारपण आणि हलाखी माणसाला घडवतात, असे म्हटले जाते; मला ते अर्धेच पटते. माझ्या मावसभावाला स्किझोफ्रेनिया, म्हणजे ज्यात नसलेले आवाज ऐकू येऊ शकतात असा मानसिक आजार, आहे. गोळ्यांनी कानातले आवाज बरेच ओसरले, पण हात थरथरू लागल्याने त्याचे घड्याळदुरुस्तीचे काम सुटले आणि कमाई थांबताच घरात त्याचे मत विचारणेही थांबले. आजाराने तो बदललाच, पण या न विचारण्याने अधिक बदलला. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार, सक्षम न्यायालयाने तसे ठरवल्याशिवाय, केवळ मानसिक आजार आहे म्हणून कोणालाही विकल मनाची, म्हणजे स्वतःचे निर्णय समजून घेऊ न शकणारी, व्यक्ती मानता येत नाही. घरोघरी मात्र निदान कळताच लग्न, वाटणी, बँकेचे व्यवहार सगळे त्या माणसाच्या अपरोक्ष ठरू लागते, आणि ही हलाखी आजाराची नसून आपण लादलेली असते.