बंड्याने द्राक्षं खाल्ली. आता घरातून, बागेतून आणखी काय काय हलवू?

पाथर्डीफाटा_सूनबाई:
नमस्कार मंडळी. मागच्या रविवारी दिंडोरीहून मामेसासऱ्यांनी द्राक्षांचं क्रेट पाठवलं. सोनाका, बोटाएवढे लांब मणी. क्रेट ओट्याखाली सरकवलं आणि मी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले. खाली येऊन बघते तर वरचा कागद फाटलेला, दोन घडांचे नुसते देठ उरलेले आणि आमचा बंड्या (लॅब्राडॉर, ३ वर्षं, २८ किलो) शेपूट हलवत उभा. जसं काही शाबासकीच द्यायची आहे त्याला!

नशीब, कुठेतरी वाचलेलं आठवत होतं की कुत्र्याला द्राक्षं चालत नाहीत. डॉक्टरांना फोन लावला. तोवर सासूबाई मिठाचं पाणी कालवून आल्या होत्या, उलटी करवायला. डॉक्टर फोनवर ओरडलेच, "मीठ अजिबात पाजू नका, त्याचीच वेगळी विषबाधा होते. आत्ता गाडीत घाला आणि या." तासाभरात इंजेक्शन देऊन उलटी करवली. त्यात साठेक मणी अख्खे, साल न फुटलेले. पुढे दोन दिवस सलाईन आणि रोज क्रिएटिनिन (किडनी नीट चालतेय का याची रक्ततपासणी). किडनी वाचली.

आता घरात वाद पेटलाय. सासूबाईंचं म्हणणं, "आमचा वाघ्या बागेतच वाढला, गळालेले मणी रोज खायचा, बारा वर्षं जगला. हे सगळं डॉक्टरांचं बिल वाढवायचं काम." त्या खोटं बोलत नाहीत, मीही वाघ्याला पाहिलंय. मग खरं काय?

दुसरं म्हणजे आमचं रो हाऊस आहे. पुढे बागेत सायकस, कण्हेर, मनी प्लांट. मागच्या खोलीत कांद्याच्या दोन गोण्या आणि त्यामुळे उंदीर. मे महिन्यात नणंद तिची मांजर घेऊन महिनाभर राहायला येतेय. सगळं घर रिकामं करू की काय?

निफाडचा_बागायतदार:
ताई, सासूबाईही बरोबर आणि डॉक्टरही. आमच्या बागेतही कुत्री मणी खातात, बहुतेकांना काही होत नाही. एखादं मात्र मूठभर खाऊन दोन-तीन दिवसांत जातं. आधी उलट्या, मग मलूल पडतं, शेवटी लघवीच बंद. कोणाला बाधेल ते आधी कळत नाही, त्यामुळे अमुक मण्यांपर्यंत चालतं असा हिशोब कोणी देऊ शकत नाही. २०२१ साली अमेरिकेतल्या विषतज्ज्ञांनी द्राक्षातल्या टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. आता हे आम्ल किती ते जातीवर आणि पिकण्यावर ठरतं, आंबट मण्यात जास्त. साखर उतरली की नाही हे बघायला आम्ही मणी तोंडात टाकतो, तोच फरक. वाघ्याने खाल्लेला मणी आणि बंड्याने खाल्लेला मणी सारखा नव्हता, असंही असेल. बेदाणे तर वाळवून आटवलेली द्राक्षंच, म्हणजे मूठभर बेदाण्यात केवढी तरी द्राक्षं. आणि चिंच! तिच्यात हे आम्ल द्राक्षाहून जास्त. वर्षाची चिंच भरून ठेवली असेल तर बरणी वरच्या फळीवर जाऊ द्या.

पण मला खरी भीती तुमच्या मागच्या खोलीची वाटते. चार वर्षांपूर्वी कांद्याच्या चाळीत उंदीर फार झाले म्हणून मी निळ्या-हिरव्या वड्या ठेवल्या होत्या, ब्रोमॅडिओलोनच्या. कुत्रीने एक वडी खाल्ली, मला पत्ताच नाही. तीन दिवस धडधाकट, भाकरी खातेय, भुंकतेय. चौथ्या दिवशी हिरड्या हातातल्या कागदासारख्या पांढऱ्या आणि लघवीतून रक्त. या औषधाने रक्त गोठायचं थांबतं, आणि ते दिसायला तीन-चार दिवस लागतात. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "पाकीट कुठाय?" उकिरडा उपसून पाकीट काढलं, नाव वाचलं, व्हिटॅमिन के-१ सुरू झालं. महिनाभर गोळ्या. वाचली.

काळी पूड वेगळी, ती झिंक फॉस्फाइड. पोटातल्या आम्लाशी मिसळून तिचा विषारी वायू होतो. ती खाल्ली तर दूध-भाकरी काही घालू नका, अन्न पडलं की आम्ल वाढतं. गाडीच्या काचा उघड्या ठेवून न्या, उलटीचा वास आपल्यालाही बाधतो. पावसाळ्यात गोगलगायींसाठी टाकतात त्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्याही तशाच घातक, झटके येतात. तुम्ही सरळ पिंजरा लावा हो. दोन गोण्यांसाठी विष कशाला?

मनीची_आई (इंदिरानगर):
मांजर येणार म्हणता म्हणून लिहितेय. औषधांचा डबा आधी कुलपात. आमच्या मनीला कणकण वाटली म्हणून यांनी पॅरासिटामॉलचा तुकडा दह्यातून चारला. प्रेमाने हो! संध्याकाळी तिच्या हिरड्या चॉकलेटी आणि तोंड सुजलेलं. मांजराच्या यकृताला हे औषध पचवताच येत नाही, अर्धी गोळीही जीव घेऊ शकते. आमची तीन दिवस दवाखान्यात होती. यांनी अजून त्या डब्याला हात लावलेला नाही.

बंड्याला गोचिडांचे थेंब लावत असाल तर बाटलीवर परमेथ्रिन लिहिलंय का बघा. ते मांजराला चालत नाही आणि थेंब ओले असताना मांजराने कुत्र्याला चाटलं तरी त्रास होतो. नणंदबाईंच्या स्वागताला लिलीचा गुच्छ आणू नका, फुलदाणीतलं पाणी प्यायली तरी मांजराची किडनी जाते. डांबरगोळ्याही कपाटात बंद.

आणि कांदा. कुत्र्याला वाईटच, मांजराला त्याहून वाईट. वजनाच्या किलोमागे ५ ग्रॅम कांद्यानेही तिच्या तांबड्या पेशी फुटायला लागतात. शिजवला तरी फरक नाही, म्हणून रश्श्यातली पोळी नको. नाशिकात राहून कांदा आणि द्राक्षं दोन्ही वर्ज्य, बिचाऱ्यांनी खायचं काय!

कुंडीवाला_पंचवटी:
बागेचं एका ओळीत: सायकस काढा, बाकी सांभाळा. सायकसचा प्रत्येक भाग विषारी, नारिंगी बिया सगळ्यात जास्त, आणि कुत्रे त्या चेंडूसारख्या चघळतात. यकृत जातं. कण्हेर हृदयावर जाते, पण कडू असल्याने जनावर सहसा तोंड लावत नाही. छाटणी केली की फांद्या अंगणात वाळत टाकू नका एवढंच. मनी प्लांटने तोंड चुरचुरतं, लाळ गळते, त्यापलीकडे सहसा काही नाही.

पाथर्डीफाटा_सूनबाई:
सगळ्यांचे आभार. सायकस शेजारच्या सोसायटीच्या माळ्याने नेला, पिंजरा आणला, पहिल्याच रात्री एक सापडला. द्राक्षांचं क्रेट माळ्यावर.

दादा, तुमचा आंबट मण्याचा मुद्दा सासूबाईंना वाचून दाखवला. काही बोलल्या नाहीत. पण शुक्रवारी सत्यनारायण आहे आणि आज सकाळी स्वतः सासूबाईच स्वयंपाकवाल्या काकूंना सांगत होत्या, "प्रसादाच्या शिऱ्यात बेदाणे नकोत यंदा, आमचा पोरगा खाली पडलेलं सगळं चाटतो."