अनुभव धागा: भिंतीला मॅट, सॅटिन की ग्लॉस?

पंचवटीकरीण
दिवाळीआधी घराला रंग काढायचाय म्हणून काल नाशकात रविवार कारंज्यावर गेले होते. दुकानदाराने शेडकार्ड उघडायच्या आधीच विचारलं, "काकू, फिनिश कुठलं?" म्हणजे रंगाची चमक किती हवी: मॅट बिनचमक, सॅटिन मधलं, ग्लॉस चकचकीत. आणि मला आमचा वाडा आठवला. तिथे फिनिश एकच. कळीच्या चुन्यात नीळ, थोडा डिंक, आणि कुंचा! टेकून बसलं की पाठ पांढरी. आता फ्लॅट आहे. हॉल, बेडरूम, किचन. कुणी कुठे काय लावलंय आणि ते टिकलंय का, लिहा.

इंदिरानगरी
हॉलला मॅटच. आमच्याकडे सकाळचं ऊन भिंतीवरून तिरपं जातं. शेजाऱ्यांनी तशाच भिंतीला चकचकीत मारलाय, पुट्टीचा एकेक उंचवटा दिसतो. चकाकी जितकी जास्त तितकी भिंत चुगलखोर.

दोन पोरांची आई
मॅट ज्यांच्या घरी पोरं नाहीत त्यांनी लावावा 😀 खडू, तेलकट हात, भिंतीला पाय लावून उभं राहणं... पोरांच्या खोलीत सॅटिन घेतलं, ओल्या फडक्याने निघतं बरंचसं. स्केचपेन नाही निघत, आशेवर राहू नका. कुकरची शिट्टी झाली, पळते.

चिवडाप्रेमी
किचनमध्ये टाइल्स संपतात तिथून छतापर्यंत जी पट्टी उरते ना, सगळा चिकटा तिथेच. तिथे सेमी ग्लॉस. भांड्याच्या साबणाचं पाणी पुरतं. छताला साधा फ्लॅट मॅट, तिथे हात कुणाचा पोचतोय!

सराफबाजारवाला
वाड्याचा विषय निघालाच आहे तर. गोदेच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून आम्ही पूर मोजतो. तिच्या गळ्याशी पाणी आलं की आमच्या तळमजल्यावरच्या गाद्या माळ्यावर जायच्या. २०१९च्या पुरानंतर एका चुलत्यांनी खालच्या खोल्यांना ऑइलपेंट मारला. का, तर पुन्हा चिखल आला की धुता येईल. जाड भिंती, चुन्याचा गिलावा, आत पाणी मुरलेलं. त्याला बाहेर पडायला वाट हवी, ती ऑइलपेंटने बुजवली. पुढच्या उन्हाळ्यात फुगे आले, मग पोपडे, आणि पोपड्यामागे पांढरे क्षार. वरच्या मजल्यावरचा चुना अजून जागेवर आहे. चुलते अजून पेंटरलाच शिव्या देतात. ओल असेल तिथे आधी ओलीचं बघा, मॅट की ग्लॉस ते नंतर.

पंचवटीकरीण
@सराफबाजारवाला तुम्ही दत्तमंदिराच्या बोळातले का हो?

सराफबाजारवाला
नाही, अलीकडचा. पण त्या बोळात गोट्या खेळलोय भरपूर.

अंबड शिफ्ट
दारं-खिडक्यांना ग्लॉस, त्यात वाद नाही. पण जुना ऑइलपेंट कोरडा घासू देऊ नका. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) वर नको, हा नियम नोव्हेंबर २०१७पासून लागू झाला. त्याआधीच्या थरांचा भरवसा नाही. पॉलिश पेपर ओला करून घासायचा, मास्क लावायचा, लहान मुलं आणि गरोदर बाई त्या दिवशी दुसरीकडे. आमचा पेंटर हसला होता. हसू दे.

इंदिरानगरी
अजून एक. खिळा काढून भोक बुजवलं की मॅटवर उरलेला रंग लावला तर खपून जातो. सॅटिनवर ठिगळ चमकतं, अख्खी भिंत परत मारावी लागते. डबा टाकू नका.

चिवडाप्रेमी
आमच्या ठिगळावर कॅलेंडर आहे. डिसेंबरनंतरही तेच.

दोन पोरांची आई
आले परत. भात लागला. पेंटरचा नंबर आहे का कुणाकडे?

सराफबाजारवाला
आहे, पण आमचे पेंटरमामा ऑक्टोबर छाटणीला दिंडोरीकडे द्राक्षबागेवर जातात. मग दिवाळी होईपर्यंत फोन उचलत नाहीत. दसऱ्याआधी गाठा.

दोन पोरांची आई
दिंडोरीत कुठे? माझं माहेर मोहाडी! नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, दादाला बागेवरच पाठवते.