सिटी कौन्सिल, स्कूल बोर्डाला उभ्या राहिलेल्या तरुण पुरोगामी उमेदवारांना मदत करावी का?

आडवळणी (धागाकर्ता)

डाव्या विचारांच्या झोहरान ममदानींनी १ जानेवारी २०२६ ला न्यूयॉर्कच्या महापौरपदाची शपथ घेतल्यापासून अमेरिकेतल्या मराठी व्हॉट्सॅप ग्रुपांवर दोनच सूर ऐकू येतात. एक, आता शहर बुडालं. दुसरा, आता क्रांती झाली. माझा विषय त्याच्या बराच खालच्या पायरीवरचा आहे.

या देशात लोकांनी निवडून द्यायची पदं पाच लाखांच्या वर आहेत. त्यात अध्यक्ष, उपाध्यक्ष, सिनेट आणि हाऊस मिळून ५३७. बाकी सगळी राज्यांची विधिमंडळं, काउंटी बोर्ड, सिटी कौन्सिल म्हणजे नगरपरिषदा, गावच्या सरकारी शाळा चालवणारी स्कूल बोर्डं, कुठे कुठे पाण्याची मंडळं. घरपट्टी किती, शाळेची बस चालू राहणार का, कोपऱ्यावर तीन मजली इमारत होऊ द्यायची का, हे सगळं तिथे ठरतं. आपण पैसे मात्र टीव्हीवर दिसणाऱ्यांना देतो. २०२० साली केंटकीत सिनेटमधले रिपब्लिकन नेते मॅकॉनेल यांच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या एमी मॅग्रा यांच्याकडे नऊ कोटी डॉलरच्या आसपास जमले, आणि त्या जवळजवळ वीस टक्क्यांनी पडल्या. त्या पैशात किती स्कूल बोर्डं लढवून झाली असती, हिशोब करा.

म्हणून माझं म्हणणं: जे काही पंचवीस-पन्नास डॉलर किंवा शनिवारची सकाळ द्यायची असेल, ती आपल्याच गावातल्या पहिल्यांदा उभ्या राहिलेल्या तरुण पुरोगामी उमेदवाराला द्या. २०१७ मध्ये ट्रम्प यांच्या पहिल्या शपथविधीच्या दिवशी ‘रन फॉर समथिंग’ ही संघटना नेमक्या याच कामासाठी सुरू झाली. तिच्या पहिल्याच वर्षी व्हर्जिनियात डॅनिका रोम निवडून आल्या. पद राज्याच्या विधिमंडळातलं, पण प्रचार पक्का गल्लीतला: रूट २८ वरची वाहतूककोंडी. समोर १९९२ पासून ठाण मांडून बसलेले आमदार. ते रोम यांच्या ट्रान्सजेंडर असण्यावर बोलत राहिले, आणि रोम रस्त्याबद्दल.

खवचट_काका

तरुण असणं ही पात्रता कधीपासून झाली?

सॅन फ्रान्सिस्कोचं स्कूल बोर्ड आठवतंय का कुणाला? जानेवारी २०२१. शाळा बंद, पोरं घरात लॅपटॉपसमोर, पालक मेटाकुटीला आलेले. आणि बोर्डाने ६ विरुद्ध १ मतांनी ठराव काय केला, तर ४४ शाळांची नावं बदलायची! लिंकन, वॉशिंग्टन, सगळे धारेवर. स्वातंत्र्ययुद्धातल्या पॉल रिव्हिअरचं नाव का काढायचं, तर त्याने पेनॉबस्कॉट या मूळनिवासी जमातीच्या जमिनी बळकावायला मदत केली म्हणे. मुळात ती पेनॉबस्कॉट मोहीम इंग्रजांविरुद्धची होती, जमातीचा काही संबंध नव्हता. नावं तपासणाऱ्या समितीने इतिहासाच्या एकाही अभ्यासकाला विचारायची तसदी घेतली नाही. शिवाय लोवेल हायस्कूलचे गुणांवरचे प्रवेश बंद करून सोडत आणली. चिनी पालक भडकले ते याच्यामुळे. फेब्रुवारी २०२२ मध्ये मतदारांनी तीन सदस्यांना मुदतीआधीच मतदानाने पदावरून काढलं, तिघांविरुद्ध दोन-तृतीयांशाहून जास्त मतं. त्यातल्या बोर्डाच्या अध्यक्षा निवडून आल्या तेव्हा विशीत होत्या. आणि हे शहर म्हणजे काही टेक्सासमधलं खेडं नव्हे!

चष्मा_सापडत_नाही

काकांचं उदाहरण बिनतोड आहे, पण ते तरुणाईचं नसून शाळा उघडायचं सोडून भलतंच करत बसण्याचं आहे. त्याच ठरावाला वयस्कर सदस्यांनीही हात वर केले होते.

उलट बाजूने स्टॉकटन घ्या. २०१२ मध्ये दिवाळखोरीत गेलेलं शहर. २०१६ मध्ये मायकेल टब्स २६ व्या वर्षी महापौर झाले. १२५ रहिवाशांना महिन्याला ५०० डॉलर, विनाअट, तेही देणगीच्या पैशातून, शहराच्या तिजोरीतून नव्हे. पहिल्या वर्षाचा अहवाल आला तेव्हा पैसे मिळालेल्यांत पूर्णवेळ नोकरी असलेल्यांचं प्रमाण २८ वरून ४० टक्क्यांवर गेलेलं होतं. फुकटे होतील म्हणणाऱ्यांची तोंडं बंद झाली असती. पण अहवाल आला २०२१ मध्ये, आणि टब्स २०२० मध्येच पडले होते.

मला यात खरी गोम दिसते. देशभरातून कौतुक, मुलाखती, देणग्या. आणि गावात लोक म्हणतात, हा सारखा टीव्हीवर असतो, आमच्या रस्त्यावर झोपलेल्या माणसांचं काय? बाहेरच्या टाळ्या गावातली मतं देत नाहीत.

एच१बी_वाला

सगळं ठीक, पण आमच्यासारख्यांनी काय करायचं? मत नाही. पैसे दिले तर चालतात का?

कायद्याचं_बोला

@एच१बी_वाला, अजिबात देऊ नका. एच-१बी, एल-१, एफ-१ व्हिसावरच्या कुणीही नाही. परदेशी नागरिकांवरची बंदी संघीय कायद्यातली आहे आणि ती थेट स्कूल बोर्डापर्यंत लागू होते. ‘फक्त दहा डॉलर’ हीसुद्धा पळवाट नाही. ग्रीनकार्डवाल्यांना देणगी देता येते. बिनपगारी स्वयंसेवक म्हणून काम मात्र तुम्हीही करू शकता. फक्त प्रचाराचा पैसा कुठे खर्चायचा वगैरे निर्णयांत पडू नका.

आणखी एक, जर्सीकरांसाठी. न्यूयॉर्क शहराच्या योजनेत महापौरपदाच्या उमेदवाराला शहरवासीयाने दिलेल्या पहिल्या २५० डॉलरपर्यंत एकास आठ अशी सरकारी जोड मिळते. क्वीन्समधल्या माणसाचे दहा डॉलर नव्वद होतात. न्यू जर्सीतल्या एडिसनमधून पाठवलेले दहा, दहाच राहतात.

दारोदार

मी ग्रीनकार्डवर आहे, गेल्या वेळी स्कूल बोर्डाच्या एका उमेदवारासाठी दारं ठोठावली. फोनवर मिनीव्हॅन नावाचं अ‍ॅप देतात. त्यात घर क्रमांक, मतदाराचं नाव, वय. दार उघडलं नाही तर ‘घरी नाही’ दाबायचं आणि पत्रक दाराच्या कडीला अडकवायचं. टपालपेटीत टाकायचं नाही. बिनतिकिटाचा कागद त्या पेटीत घालणं बेकायदा आहे, हे मला पहिल्याच गल्लीत एका आजींनी खडसावून सांगितलं. मग त्यांनीच विचारलं, “या मुलीला मतपत्रिकेवर कुठल्या पक्षाखाली शोधू?” आमच्याकडे त्या निवडणुकीत पक्षाचं नावच छापत नाहीत. म्हणजे नाव लक्षात राहिलं तर मत. अशा ठिकाणी चिकाटीने फिरणारी चार माणसं निकाल बदलू शकतात. सिनेटच्या लढतीत आपण चिमूटभर मीठही नसतो.

खवचट_काका

फिरा, फिरा. पण फिरताना सांगता काय? ममदानींचंच बघा. फुकट बस म्हणे. बस चालवते एमटीए ही वाहतूक संस्था, आणि ती राज्याच्या अखत्यारीत. महापौरांच्या हातात तिकिटाचा दर नाहीच, राज्याच्या राजधानीचे, ऑल्बनीचे उंबरे झिजवावे लागणार. दहा लाखांवर मतं मिळाली म्हणून त्यात फरक पडत नाही. पद कशाचं आणि आश्वासनं कशाची!

आडवळणी

काका, ममदानींच्या दुसऱ्या आश्वासनाचं, घरभाडेवाढ गोठवण्याचं, तसं नाही. ते ठरवणाऱ्या मंडळावर महापौरच माणसं नेमतात. पण मुद्दा घेतला. माझ्या यादीत आता वयाच्या आधी हा प्रश्न आहे: ज्या पदाला उभा आहेस त्या पदाच्या हातात काय आहे, सांग. स्कूल बोर्डाचा उमेदवार गाझावर बोलत असेल आणि बसमार्गांवर गप्प असेल तर मी पुढच्या घरी जातो.

तरीही तरुणच का, तर मतदार बघा. पोर्टलँड स्टेट विद्यापीठाने तीस मोठ्या शहरांच्या महापौर निवडणुका तपासल्या. मतदान करणाऱ्यांचं मध्यक वय ५७ निघालं. ज्यांची मुलं शाळेत आहेत, जे भाड्याने राहतात, ते मतदानाला फारसे येतच नाहीत. आणि बहुतेक स्कूल बोर्डांवर पगार नाही किंवा नाममात्र भत्ता. साहजिकच निवृत्त आणि सुखवस्तू लोकच उभे राहतात. तीस वर्षांच्या नर्सने उभं राहायचं तर पाळणाघराचे पैसे कुठून आणायचे? संघीय निवडणुकीत हा खर्च प्रचारनिधीतून करायला २०१८ पासून मोकळीक आहे, खाली ते ज्या त्या राज्याच्या नियमावर.

खवचट_काका

नर्स उभी राहू दे, मला आनंदच आहे. माझा आक्षेप कॅलिफोर्नियातून ओहायोच्या स्कूल बोर्डात ओतल्या जाणाऱ्या पैशाला आहे. उजवे करतात म्हणून तुम्हीही करणार का?

आडवळणी

देणगीदारांच्या याद्या काउंटीच्या किंवा शहराच्या कचेरीत, बहुतेक ठिकाणी ऑनलाइन, बघायला मिळतात. तुमच्या गावातल्या उमेदवाराची काढा. निम्म्याहून जास्त पत्ते बाहेरचे निघाले तर मीही एक डॉलर देणार नाही. विरोधी उमेदवाराचीही काढा बरं का.